कोयोटी आणि लांडग्यासाठी रायफलचं कॅलिबर कसं निवडायचं

आपल्या माण-खटावची, जत-आटपाडीची बरीच पोरं आता कॅनडात अल्बर्टा-सस्कॅचेवानला नाहीतर अमेरिकेत मोंटाना-आयडाहोकडं गेलीत, कुणी ट्रक चालवतंय, कुणी डेअरीवर आहे, कुणी आयटीत आहे पण राहतंय गावाबाहेर, आणि तिकडं बर्फ पडायला लागला की फोन येतो, काका कोयोटीसाठी (तिकडचं कोल्ह्यासारखं जंगली जनावर) कुठली रायफल घेऊ आणि तीच लांडग्याला चालंल का. मी फौजेत एसएलआर आणि इन्सास ह्या दोन्ही रायफली वापरल्या, नंतर पुतण्याकडं अल्बर्टात राहून तिथल्या रँचवाल्यांबरोबर हिंडलोय, त्यांच्या रायफली आणि त्यांची पद्धत जवळून बघितलीय. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी थोडक्यात उत्तर, मग कारणं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं गोळीची जाडी, .२२३ सारखा आकडा इंचात, ६.५ सारखा मिलिमीटरमध्ये. नुसती कोयोटी मारायची असेल तर .२२३ रेमिंग्टन, आणि मोकळं मैदान असेल, लांबून मारायचं असेल तर .२२-२५०. लांडगा मारायचा असेल तर .२४३ विंचेस्टरच्या खाली येऊ नका, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ असेल तर उत्तमच. दोन्हीला मिळून एकच रायफल घ्यायची असेल तर .२४३. पण हे आकडे अर्धंच काम करतात, बाकीचं अर्धं काम गोळी कुठल्या बनावटीची आहे त्यावर असतं आणि तिकडं कुणी लक्षच देत नाही, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलंय.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हे सगळं तिकडचं आहे, जिथं कायद्यानं परवानगी आहे तिथलं. आपल्याकडं लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आहे, आणि मेंढरं राखायला लायसन आहे म्हणून लांडगा मारला ही सबब कोर्टात चालत नाही. कोल्ह्यालाही संरक्षण आहे. म्हसवड-दहिवडीकडं नाहीतर जतच्या माळावर लांडग्यानं मेंढरू नेलं तर वनखात्याला लगेच कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. आपला माळावरचा लांडगा आधीच फार कमी राहिलाय, धनगरं पिढ्यानपिढ्या कुत्री आणि वाघर लावून त्याच्याबरोबर राहिलीत, तेच बरोबर आहे. त्यामुळं हे वाचून इकडं कुणी काही डोक्यात घेऊ नका.

आता जनावराचं वजन बघू, कारण कॅलिबर त्यावरनंच ठरतं. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडी मोठी, साधारण ९ ते २० किलोच्या दरम्यान, पश्चिमेकडं हलकी आणि पूर्वेकडं, म्हणजे न्यूयॉर्क-मेन वगैरे भागात, जास्त वजनदार कारण तिकडच्या कोयोटीत लांडग्याचं रक्त मिसळलंय. हिवाळ्यात केस फुगलेले असतात त्यामुळं दिसायला दीडपट दिसते, आत शरीर बारीकच असतं. छातीतला खरा जीव जिथं असतो ती जागा जेमतेम चार-पाच इंचाची. लांडगा मात्र वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडचा लांडगा १७ ते २५ किलोचा, तो डोळ्यासमोर ठेवून जर कुणी अल्बर्टाच्या लांडग्याला कॅलिबर निवडत असेल तर फसणार, तिकडचा नर ४०-५० किलोचा सहज असतो, खांद्याचं हाड जाड, छाती खोल, आणि जखमी झाला तरी किलोमीटरच्या किलोमीटर बर्फातनं जाऊ शकतो. कोयोटीची गोळी लांडग्याला मारली आणि ती खांद्यावरच फुटली तर वरवरची मोठी जखम होते, जनावर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस कुजत हिंडतं. असं जनावर सोडून घरी येणाऱ्याला शिकारी म्हणू नये हे माझं स्पष्ट मत आहे.

फौजेतल्या लोकांना समजायला एकदम सोपं आहे. इन्सासची ५.५६ म्हणजे जवळपास .२२३, आणि एसएलआरची ७.६२ बाय ५१ म्हणजे जवळपास .३०८ विंचेस्टर. जवळपास म्हणतोय कारण एकदम तीच नाही, ५.५६ चा राउंड, म्हणजे काडतूस, .२२३ चेंबर (नळीच्या मागं काडतूस बसतं तो खाना) असलेल्या रायफलीत घालायचा नाही, प्रेशर जास्त पडू शकतं, उलटं चालतं, म्हणजे ५.५६ च्या रायफलीत .२२३ चालते. नळीवर काय कोरलंय ते वाचूनच राउंड घ्या. पण फौजी माणूस एका गोष्टीत चुकू शकतो. आपल्याला सवय फुल मेटल जॅकेटची, म्हणजे तांब्याच्या कवचात पूर्ण बंद असलेली गोळी, जी आरपार जाते. जनावरासाठी ती चुकीची. ती बारीक भोक पाडून निघून जाते, जनावर पळतं आणि लांब जाऊन मरतं, शिवाय आरपार गेलेली गोळी पलीकडं कुठं जाईल आणि दगडावरनं कुठं उसळेल त्याचा भरवसा नाही. स्वस्त मिळते म्हणून रेंजवर सरावाला घ्या, जनावरावर नको.

शिकारीच्या गोळ्या ढोबळमानानं दोन जातीच्या. एक व्हार्मिंट गोळी, म्हणजे लहान उपद्रवी जनावरांसाठीची, पातळ कवचाची, पुढं प्लॅस्टिकचं टोक, लागली की आतच फुटून तुकडे होतात. हॉर्नडीची व्ही-मॅक्स ही त्यातली सगळीकडं मिळणारी. दुसरी बिग गेमची, म्हणजे मोठ्या जनावरांची गोळी, जी फुलते पण तुटत नाही, वजन धरून आत खोलवर जाते. नॉस्लरची पार्टिशन ही त्यातली जुनी, १९४८ पासूनची, आत मधोमध तांब्याची भिंत असते त्यामुळं पुढचा भाग फुलला तरी मागचा तसाच पुढं घुसतो. अ‍ॅक्युबॉन्ड किंवा बार्न्सची पूर्ण तांब्याची टीएसएक्स ही पण त्याच कामाची. कोयोटीला व्हार्मिंट, लांडग्याला बिग गेम. बाकी काही विसरलं तरी चालंल पण हे विसरू नका, कारण दुकानात दोन्ही खोकी एकाच फळीवर शेजारी-शेजारी असतात, कॅलिबरचा आकडा तोच असतो आणि माणूस आकडा बघून खोकं उचलतो.

आता कोयोटीसाठी एकेक बघू. .२२ एलआर, म्हणजे आपल्याकडं शूटिंग रेंजवर पोरं वापरतात ती, कोयोटीला नको. जवळनं मरते कधीकधी पण जखमी होऊन पळण्याचं प्रमाण जास्त. .१७ एचएमआर ची गोळी १७ ग्रेनची, म्हणजे एक ग्रॅमच्या थोडी वर, सशाला ठीक आहे, कोयोटीला हलकी पडते. .२०४ रुगर २००४ साली आली, ३२ ग्रेनची गोळी सेकंदाला ४२०० फुटांच्या वर वेगानं जाते, एकदम सपाट, झटका नगण्य, कातडीला भोक लहान. कोयोटीसाठी अतिशय गोड कॅलिबर आहे पण गोळ्या छोट्या गावातल्या दुकानात दर वेळी मिळतीलच असं नाही, आणि जिथं जवळचं दुकान शंभर किलोमीटरवर आहे तिथं हे महत्त्वाचं असतंय.

.२२३ का सुचवतो तर ५५ ग्रेनची गोळी ३२०० फुटांच्या आसपास वेगानं जाते, राउंड स्वस्त, प्रत्येक दुकानात मिळतो, झटका इतका कमी की गोळी लागताना स्कोपमधनं स्वतःच्या डोळ्यानं दिसते, आणि स्वस्त असल्यामुळं माणूस सराव करतो. सराव केलेला .२२३ वाला, सराव न केलेल्या मॅग्नमवाल्यापेक्षा (मॅग्नम म्हणजे जास्त बारुदाचं, दणकट काडतूस) कधीही बरा. २०० यार्डापर्यंत (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा किंचित कमी) काही प्रश्न नाही, २५० पर्यंत हात बसलेला असेल तर. ३०० यार्डावर मात्र तिची ताकद नळीतनं निघतानाच्या निम्म्याहून खाली आलेली असते, तिथं नाद सोडून द्यायचा.

.२२-२५० ची पण तीच जाडी, तोच ५५ ग्रेन, पण मागं बारूद जास्त त्यामुळं वेग ३६०० च्या वर. रेमिंग्टननं १९६५ ला ती बाजारात आणली, त्याच्या आधी लोकं घरीच बनवायची. सस्कॅचेवानच्या सपाट रानात जिथं कोयोटी २५०-३०० यार्डाच्या आत येतच नाही तिथं हिच्यासारखी दुसरी नाही. तोटा असा की नळी लवकर तापते आणि लवकर झिजते, त्यामुळं रेंजवर धडाधड राउंड काढायचे नाहीत, दोन-तीन मारून थंड होऊ द्यायची. आणि कातडी विकायची असेल तर जवळनं मारल्यावर ही फार मोठं भगदाड पाडते.

कातडीचा विषय निघालाच तर थोडं सांगतो, कारण तिकडं बरेच जण खालच्या मऊ केसांसाठीच हिवाळ्यात कोयोटी मारतात. कातडी वाचवायची असेल तर गोळी आत जाऊन आतच थांबली पायजे, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली की तिथं शिवणकाम वाढतं आणि भाव पडतो. त्यासाठी हलकी व्हार्मिंट गोळी, खांदा सोडून त्याच्या किंचित मागं. जनावर आडवं उभं असलं पायजे, तिरकं असेल तर थांबा. शिळ घालून किंवा कॉलवर, म्हणजे जनावराचा आवाज काढायच्या साधनावर, आवाज काढून बोलावली तर कोयोटी बऱ्याचदा शंभर यार्डाच्या आत येते आणि आवाज दिला की क्षणभर थांबते, तेवढा वेळ पुरतो.

लांडग्यासाठी आता. तिकडचे काही जण सांगतील की मी .२२३ नं लांडगा मारलाय. मारला असेल, पण तो आडवा उभा, जवळ, योग्य गोळी, योग्य जागी, सगळं जमून आलं म्हणून. आपण जमून न येणाऱ्या दिवसाचा विचार करून हत्यार घ्यायचं असतं. काही राज्यांत नि प्रांतांत तर मोठ्या जनावरांसाठी .२२ जाडीच्या गोळीला मनाईच असते, आणि लांडगा त्या यादीत धरतात का नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, त्यामुळं त्या वर्षाचं नियमांचं पुस्तक उघडून बघायचं.

.२४३ विंचेस्टर १९५५ ची, .३०८ चंच काडतूस, तोंड बारीक करून ६ मिलिमीटरची गोळी बसवलेली. तिची गंमत अशी की ५५-५८ ग्रेनपासून १०० ग्रेनपर्यंत गोळ्या सहज मिळतात. ५८ ग्रेनची व्हार्मिंट घातली की कोयोटीची रायफल, ९० ते १०० ग्रेनची बिग गेम घातली की लांडग्याची रायफल. १०० ग्रेन २९०० च्या वर वेगानं जाते, झटका पोरंसुद्धा झेलतील इतका. म्हणून एकाच रायफलीत भागवायचं असेल तर ही. पण एक मोठी अट आहे. दोन वेगळ्या वजनाच्या गोळ्या एकाच जागी लागत नाहीत. ५८ ग्रेनवर झिरो केलेली, म्हणजे ठराविक अंतरावर नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी स्कोप जुळवलेली, रायफल १०० ग्रेन घातल्यावर खाली मारणार, कधीकधी बाजूला पण जाणार. त्यामुळं दोन्ही गोळ्यांचा झिरो वेगवेगळा काढायचा, स्कोपला किती क्लिक फिरवायचे ते कागदावर लिहून बटला चिकटवायचं, आणि निघायच्या आधी खिशात एकाच जातीचे राउंड आहेत का बघायचं. ही शिस्त पाळणं होणार नसेल तर सरळ ९०-१०० ग्रेनची एकच गोळी ठेवा आणि कोयोटीलाही तीच मारा, कातडीला भोक मोठं पडंल पण गोंधळ होणार नाही.

६.५ क्रीडमूर २००७ ची, हॉर्नडीनं लांब पल्ल्याच्या टार्गेटसाठी काढली पण शिकाऱ्यांनी उचलून धरली. १४० ग्रेनच्या आसपासची लांबट गोळी २७०० नं जाते, निघताना हळू वाटते पण हवा कापत जाते त्यामुळं पुढं वेग टिकतो आणि वाऱ्यानं कमी हलते. लांडगा मुख्य आणि कोयोटी अधूनमधून असं असेल तर मी .२४३ च्या आधी हिचं नाव घेईन. .२७० विंचेस्टर १९२५ पासून आहे, तिकडं प्रत्येक घरात आजोबाची एखादी असते, असेल तर नवी घ्यायची गरज नाही. .३०८ आणि .३०-०६ पण लांडग्याला भरपूर आहेत, हरीण-एल्क (तिकडचं सांबरासारखं मोठं हरीण) पण मारायचं असेल तर त्यातलीच एक घ्या, गोळी १५० ग्रेनची ठेवा. .३०० मॅग्नम लांडग्यासाठी म्हणून घेऊ नका, झटक्याच्या भीतीनं माणूस घोडा ओढतानाच डोळे मिटतो आणि मग कॅलिबर कितीही मोठं असलं तरी गोळी पोटात.

नळीचा पीळ हा विषय लोकं टाळतात पण दोन ओळी वाचाच. नळीच्या आतल्या आट्या किती इंचात एक फेरा घेतात तो आकडा बऱ्याचदा नळीवर कोरलेला असतो, १:१२, १:९, १:८ असा. लांब आणि जड गोळीला जोरात फिरवावं लागतं, म्हणजे दुसरा आकडा लहान पायजे. १:१२ च्या जुन्या .२२३ मध्ये ५५ ग्रेनपर्यंतच थांबा, त्यात ७५ ग्रेन घातली तर ती आडवीतिडवी होऊन टार्गेटवर आडवी छापली जाते. १:९ ला ७० च्या आसपास, १:८ ला ७५-७७ पर्यंत. जिथं शिशाच्या गोळीला बंदी आहे, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसं बंद आहे, तिथं तांब्याची गोळी घ्यावी लागते आणि तांबं शिशापेक्षा हलकं त्यामुळं तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते. मग एक पायरी हलकी गोळी घ्यायची नाहीतर पीळ घट्ट असलेली नळी.

झिरो २०० यार्डावर करा, दोन्ही जनावरांना. ५५ ग्रेनची .२२३ अशी झिरो केली तर १०० वर दीड इंच वर लागते आणि ३०० वर सात-आठ इंच खाली. .२२-२५० ला ३०० वर साधारण सहा इंच. म्हणजे अडीचशेच्या आत असेल तर छातीच्या मधोमध धरायचं आणि बाकी गणित करायचंच नाही. अंतर रेंजफाइंडरनं मोजा, बर्फावर नजरेनं अंदाज बांधता येत नाही, सगळं पांढरं असतं, मध्ये झाड नाही घर नाही, जनावर आहे त्यापेक्षा लांब नाहीतर जवळ वाटतं.

खरी परीक्षा वारा घेतो. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या जिथं लावल्यात तिथं उभं राहिलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते कळंल, दक्षिण अल्बर्टात लेथब्रिजच्या बाजूला तसाच वारा, पण मैलोन्‌मैल आडवं काही नाही. ताशी १० मैलांचा वारा बाजूनं असेल तर ३०० यार्डावर .२२३ ची ५५ ग्रेन गोळी जवळजवळ फूटभर सरकते. कोयोटीची जागा चार-पाच इंचाची सांगितली वर. म्हणजे वारा न धरता मारलं तर एकतर हुकली नाहीतर पोटात. ६.५ ची जड गोळी तेवढ्याच वाऱ्यात निम्मीच सरकते. त्यामुळं तुमच्याकडं कायम वारा असेल तर वेगाच्या मागं लागू नका, जड आणि लांबट गोळीच्या मागं लागा, आणि वारा २० च्या वर गेला की दीडशे यार्डाच्या पुढचं सोडून द्या.

थंडीचं पण तसंच. बर्फातल्या पोस्टिंगला राहिलेल्यांना माहितीय, उणे २०-३० ला बोल्टमधलं तेल चिकट होतं, फायरिंग पिन हळू आदळते आणि राउंड उडतच नाही. बोल्ट पूर्ण धुऊन कोरडा करायचा, नाहीतर थंडीसाठीचं कोरडं वंगण अगदी पुसट. रायफल उबदार घरात-गाडीत आत-बाहेर करू नका, काचेवर आणि आत दव धरतं आणि बाहेर आल्यावर त्याचाच बर्फ होतो. थंडीत बारूदाचा वेग पण थोडा कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात काढलेला झिरो डिसेंबरात एकदा तपासायचाच.

आता कागदपत्रं, आणि हे आयटीवाल्या पोरांनी जास्त लक्ष देऊन वाचा. अमेरिकेत एच-वन, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे, त्यातला एक अपवाद म्हणजे तिथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली एवढ्यावरही प्रकरण होऊ शकतं, व्हिसा जाईल ते वेगळंच. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी नाही. लांडगा अमेरिकेच्या बऱ्याच भागात अजून फेडरल संरक्षणात आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत कोर्टानं ते परत लागू केलं. मोंटाना, आयडाहो, वायोमिंग ह्या भागात राज्याच्या नियमानं शिकार चालते, शेजारच्या राज्यात गेलात तर तोच लांडगा मारणं गुन्हा. आणि लांबनं कोयोटी समजून लांडगा मारला ही सबब कुठंच चालत नाही, ओळख पटल्याशिवाय घोड्यावर बोट न्यायचंच नाही, लांडग्याचं तोंड रुंद, कान आखूड आणि गोलसर, पाय लांब, कोयोटीचं तोंड निमुळतं आणि कान मोठे.

कॅनडात आधी फायरआर्म्स सेफ्टी कोर्स, मग पीएएल, म्हणजे बंदूक घ्यायचं आणि बाळगायचं लायसन्स, पहिल्यांदा काढताना किमान २८ दिवस थांबावं लागतं, त्यामुळं सीझनच्या तोंडावर जागे होऊ नका. तिथं मे २०२० पासून एआर-१५ आणि तसल्या पंधराशेवर मॉडेलवर बंदी आहे, तेव्हा बोल्ट अ‍ॅक्शनच (प्रत्येक राउंडला हातानं बोल्ट ओढायची रायफल) घ्या. तसंही ह्या कामाला तीच चांगली. दुसऱ्याच्या रानात जायचं तर मालकाची परवानगी घ्यायची, आणि कुठल्या गोठ्याच्या दिशेनं गोळी जाईल ते त्यालाच विचारून घ्यायचं.

खरेदीला जाताना सगळे पैसे रायफलीत घालू नका. साधी बोल्ट अ‍ॅक्शन, त्यावर बऱ्यापैकी ३-९ किंवा ४-१२ पट मोठं दाखवणारी स्कोप, आणि उरलेल्या पैशात गोळ्या. तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचं एकेक खोकं घ्या, थंड नळीनं प्रत्येकाचे तीन-तीन राउंड १०० यार्डावर कागदावर मारा, जिचा ग्रुप, म्हणजे तीन भोकांचा पसारा, एक इंचाच्या आसपास आला तीच तुमच्या नळीची गोळी, महाग असो नाहीतर स्वस्त. मग त्याच लॉट नंबरची पाच-सहा खोकी एकदमच उचला, कारण लॉट बदलला की झिरो थोडा हलू शकतो. नंतर बेंचवरनं उठून, जसं रानात बसणार तसं, मांडी घालून नाहीतर दोन काठ्यांवर टेकवून मारून बघा. त्या बैठकीत पाच इंचाच्या कागदी ताटलीत दहापैकी दहा जिथपर्यंत बसतात तेवढंच तुमचं अंतर, मग कॅलिबर कुठलंही असो.